एक खळं, दोन घरं: पाहुण्यांना घर देण्याआधी

आमच्या खळ्याच्या, म्हणजे अंगणाच्या, एका अंगाला मूळ घर आहे आणि समोर मांगर. मूळ घर चिऱ्याचं, कौलारू. ओटी, पडवी, माजघर, देवघर अशी नेहमीची मांडणी. मांगरात पूर्वी गुरं, गवताच्या पेंढ्या आणि आजोबांची कुरकुरणारी बाज असायची. आता तिथे दोन खोल्या, छोटं स्वयंपाकघर आणि न्हाणी आहे. आचरा-मालवण पट्ट्यात अशी जोडघरं पुष्कळ दिसतील. कुणाकडे मूळ घराशेजारी मांगर असतो, कुणाकडे भावाने मागच्या बाजूला घातलेला स्लॅबचा बंगला, तर कुणाकडे वाडीत माडांखाली उभी केलेली कॉटेज. त्यातल्या निम्म्यांना तरी मुंबईच्या कुणीतरी सांगितलेलं असतं, "अरे, रिकामी ठेवण्यापेक्षा एअरबीएनबीवर टाक की!"

टाका, पण एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की असू द्या. पाहुणे घरावरून सहसा भांडत नाहीत. भांडण होतं ते दोन घरांच्या मधल्या जागेवरून: खळं, बाव (विहीर), बेडं (आवाराचं फाटक), गाडी लावायची जागा, पंपाचं बटण. पहिल्या मे महिन्यात मूळ घरात पुण्याचं आठ जणांचं कुटुंब होतं, सोबत त्यांची आजी. मांगरात कॉलेजातली चार मुलं. दोघांनाही मी फोनवर मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं, "खळं तुमचंच आहे, बिनधास्त बसा." मुलं रात्री एकपर्यंत गिटार घेऊन बसली, आजी ओटीवरून आत-बाहेर करत राहिल्या आणि सकाळी दोन्हीकडच्यांनी माझ्याकडे तक्रार केली. दोघंही बरोबर होते. चूक माझी होती, एकच खळं मी दोनदा विकलं होतं.

पहिली पायरी: सातबारा आणि चुलतभाऊ

रंग, पडदे, गाद्या यांच्या आधी कागद काढा. कोकणातल्या सातबाऱ्यावर आजोबांच्या सगळ्या वारसांची नावं असतात. त्यातले काही गिरगावात, काही डोंबिवलीत आणि एखादे काका वारलेले, पण नाव अजून तसंच. आपसात तोंडी वाटणी झालेली असते: "मूळ घर मोठ्याचं, मांगर धाकट्याचं." मे महिन्यात आंबे खायला येण्यापुरती ती चालते. पैसे यायला लागले की चालत नाही.

सगळ्या सहहिस्सेदारांकडून स्टॅम्पपेपरवर संमतीपत्र घ्या आणि त्यात तीन गोष्टी लिहून घ्या: कुठलं घर कोण चालवणार, खर्च वजा जाता उरलेलं कसं वाटणार आणि वर्षातले कुठले दिवस घर घरच्यांसाठी राखीव. तिसरी गोष्ट लोक विसरतात. आमच्याकडे एका वर्षी चुलतभाऊ बायकामुलांसह सकाळच्या गाडीने उतरला, बेडं उघडून आत आला, तर ओटीवर परका माणूस चहा पीत बसलेला. तो माझ्याशी चार महिने बोलला नाही. त्याच्या घरात तो न सांगता आला म्हणून त्याला काय बोलणार?

ग्रामपंचायतीत घरांचा नमुना ८ चा उताराही काढून बघा. मूळ घराला घर क्रमांक असतो, घरपट्टी भरलेली असते. मांगर मात्र पुष्कळदा गोठा म्हणून लागलेला असतो किंवा लागलेलाच नसतो. त्यात माणसं राहायला ठेवायची तर त्याची घर म्हणून वेगळी आकारणी करून घ्या. घरपट्टी थोडी वाढते, पण पुढे वीज, नोंदणी, कर्ज अशा प्रत्येक टेबलावर हा उतारा मागतात. घर गावठाणात आहे की शेतजमिनीवर, हेही याच वेळी तपासा. शेतजमिनीवर परवानगीशिवाय उभी केलेली 'फार्म स्टे' कॉटेज हे आज ना उद्या येणारं दुखणं आहे.

दुसरी पायरी: समुद्र किती जवळ आहे

"समुद्राला लागून" हे शब्द जाहिरातीत गोड वाटतात, परवानगीच्या फायलीत तेच कडू लागतात. २०१९ च्या सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) अधिसूचनेप्रमाणे ग्रामीण किनाऱ्यावर, म्हणजे सीआरझेड ३ मध्ये, भरतीरेषेपासूनचा पट्टा ना-विकास क्षेत्र असतो. लोकसंख्येची घनता चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा जास्त असेल तर ५० मीटर, कमी असेल तर २०० मीटर. घनता २०११ च्या जनगणनेची धरतात. आपली बहुतेक गावं २०० मीटरवाल्या गटात बसतात. खाडीकाठी हा पट्टा ५० मीटर किंवा खाडीच्या रुंदीइतका, यांतलं जे कमी असेल ते.

त्याच अधिसूचनेत स्थानिकांना आपल्या असलेल्या घरात होम स्टे चालवायची सोय आहे, पण जोत्याचं क्षेत्रफळ, घराचा आराखडा आणि दर्शनी रूप बदलता येत नाही. दोन घरांच्या मालकाने हे वाक्य नीट वाचावं. मूळ घर आहे तसं देता येईल. पण "मांगराला पुढे एक पडवी वाढवू, वर एक मजला चढवू" हा बेत असेल तर आधी चौकशी, मग चिरे. मिस्त्री तुम्हाला सांगेल की सगळेच बांधतात. नोटीस मिस्त्रीच्या नावावर येत नाही.

तिसरी पायरी: नोंदणी

निवास व न्याहारी योजना मूळची पर्यटन विकास महामंडळाची. आता नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे होते. ही योजना मालक जागेवर राहतो असं गृहीत धरून आहे, आणि इथे जोडघराचा खरा फायदा होतो. एका घरात तुम्ही किंवा आई-वडील राहत असतील आणि दुसरं पाहुण्यांना देत असाल, तर तुम्ही या योजनेच्या चौकटीत अगदी चपखल बसता. दोन्ही घरं पाहुण्यांना आणि तुम्ही ठाण्यात, असं असेल तर कुठल्या प्रकारात अर्ज करायचा हे आधी संचालनालयात विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

घरातल्या बाईच्या नावावर व्यवसाय करायचा विचार असेल तर राज्याचं २०२३ चं 'आई' धोरण बघा. महिलांच्या पर्यटन व्यवसायासाठी घेतलेल्या १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरच्या व्याजाचा परतावा त्यात आहे. बायको, बहीण, वहिनी खरोखरच घर चालवणार असेल तरच हे करा. नुसतं नाव तिचं आणि हिशेब तुमच्याकडे, हे बँकेलाही कळतं आणि तिलाही.

जेवण देणार असाल तर एफएसएसएआयची (अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी हवी. प्रत्येक पाहुण्याचं ओळखपत्र बघून रजिस्टरमध्ये नोंद करा. परदेशी पाहुणा आला तर त्याची माहिती २४ तासांच्या आत ऑनलाइन कळवावी लागते. गोव्याहून वर सरकणारे परदेशी प्रवासी आपल्या भागात येतात, तेव्हा हे लॉगिन आधीच काढून ठेवा. पाहुणा दारात उभा असताना रेंज शोधत माडाखाली फिरू नका.

चौथी पायरी: दोन घरं वेगळी करणं

सगळ्यात जास्त डोकं आणि पैसा इथे लावा.

पाणी. आमची बाव एकच. पूर्वी एकच टाकी होती, मूळ घराच्या पाठी चिऱ्यांच्या चौथऱ्यावर, आणि मांगराला तिथूनच पाइप. मूळ घरात आठ जणांनी समुद्रावरून येऊन एकापाठोपाठ अंघोळी केल्या की मांगरातल्या माणसाच्या डोक्याला साबण आणि नळाला हवा. दुसऱ्याच वर्षी प्रत्येक घराला वेगळी टाकी, वेगळा व्हॉल्व्ह केला आणि पंपाचं बटण कुलपात. पंप पाहुण्यांच्या हाती अजिबात देऊ नका. एप्रिल-मेमध्ये बाव तळाला जाते. कोणी बटण चालू ठेवून आचऱ्याच्या देवळात गेला की पंप कोरडा फिरून जळतो. समुद्राजवळच्या विहिरी जास्त उपसल्या की पाणी मचूळही होतं. तेव्हा मे महिन्यात दोन्ही घरं भरायची की नाहीत, हे मागणीपेक्षा बावीने ठरवावं. आम्ही मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात मोठा ग्रुप घेत नाही.

पाणी संपलं की काय होतं ते एकदा शेजारच्या काकींच्या तोंडून ऐकलं. "बाबू, काल तुझे पावणे आमच्या बायर आंघोळीक इल्ले!" पाहुणे त्यांच्या बावीवर अंघोळीला गेले होते. काकी हसत सांगत होत्या, पण मला कळायचं ते कळलं.

शौचखड्डा. मांगर राहता केला की नवीन सेप्टिक टँक आणि शोषखड्डा येतो. सोयीची जागा नेमकी बावीजवळ सापडते. शोषखड्डा बावीपासून साठ फुटांच्या आत मुळीच नको. जांभा दगड सच्छिद्र. पाणी त्यातून कुठल्या कुठे जातं, म्हणून जितकं लांब आणि उताराला खाली जमेल तितकं चांगलं. तुमच्याच नव्हे, शेजाऱ्याच्या बावीपासूनचंही अंतर मोजा.

वीज. शक्य असेल तर दोन मीटर घ्या. ते जमत नसेल तर निदान मांगराला सबमीटर आणि स्वतंत्र एमसीबी बसवा. मांगरातल्या एसीने मूळ घराचा फ्यूज उडाला तर रात्री अकरा वाजता फोन तुम्हालाच येतो. अर्थिंग दोन्ही घरांचं तपासून घ्या. उन्हाळ्यात जांभ्याची जमीन खडखडीत सुकते आणि अर्थिंग नावापुरतं उरतं. मे अखेरच्या आणि ऑक्टोबरच्या गडगडाटात टीव्ही, राउटर, इन्व्हर्टर यांचे प्लग काढायची सूचना भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावा.

आणि खळं. गिटारच्या रात्रीनंतर मी खळ्याची वाटणी केली. भिंत घालायची नव्हती, खळ्याची मजाच गेली असती. मूळ घराच्या पडवीपुढचा भाग मूळ घराचा, तुळशीपलीकडचा मांगराचा, मध्ये जास्वंद आणि अबोलीच्या कुंड्यांची ओळ. मांगराला मागून पाखाडीकडे उतरणारं वेगळं दार काढलं, म्हणजे त्यांना येताजाता मूळ घराच्या ओटीसमोरून जावं लागत नाही. दिव्यांची तोंडं एकमेकांच्या खिडक्यांकडे नकोत. रात्री दहानंतर खळ्यात आवाज नाही. सार्वजनिक ठिकाणच्या ध्वनिक्षेपकांना रात्री दहा ते सकाळी सहा कायद्यानेच बंदी आहे, तेव्हा पाहुण्यांना पटवायला हे वाक्य कामी येतं. एवढ्या चार गोष्टींनी निम्म्या तक्रारी संपल्या. खर्च म्हणाल तर एका दाराचा आणि वीस कुंड्यांचा.

गाड्या. दोन घरं म्हणजे तीन-चार गाड्या, आणि पहिली आलेली गाडी बेड्यातच आडवी लावते. जागा आखून द्या. माडाखाली एकही जागा नको, बाज नको, झोपाळा तर नकोच. पाडेली वेळच्या वेळी बोलावून नारळ आणि वाळलेल्या झावळ्या उतरवून घ्या. पडणारा नारळ गाडीची काच फोडतो तिथे डोक्याचं काय होईल ते सांगायला नको.

घरांना नावंही वेगवेगळी द्या आणि नकाशावर दोन स्वतंत्र खुणा टाका. आम्ही सरळ 'मूळ घर' आणि 'मांगर' अशा पाट्या लावल्या. त्याआधी जेवणाचे डबे, टॅक्सीवाले आणि एकदा तर वाढदिवसाचा केक चुकीच्या दारात गेला होता. केक परत आला, पण मेणबत्त्या विझवून.

पाचवी पायरी: भाडं आणि तारखा

देण्याच्या तऱ्हा तीन: दोन्ही घरं दोन वेगळ्या लोकांना, दोन्ही मिळून एकाला, किंवा एकात तुम्ही आणि एक पाहुण्यांना. नवख्यांनी पहिलं वर्ष तिसऱ्या तऱ्हेने काढावं असं माझं स्पष्ट मत आहे. समोर राहून बघितल्याशिवाय कळत नाही की पाहुणे दिवसाला किती बादल्या पाणी वापरतात आणि टॉवेल कशाला पुसतात.

समजा, मूळ घर रात्रीला ६,००० आणि मांगर ३,५०० ठेवलं. दोन्ही मिळून ९,५००. एकत्र घेणाऱ्याला सवलत द्यावी का? मी देतो, आठवड्याच्या मधल्या दिवसांत. एकच कुटुंब असलं की खळ्याचं भांडण नाही, स्वयंपाक एका वेळेला, आणि त्याची किंमत पाचशे रुपयांहून जास्त आहे. शनिवारी देत नाही.

आता करातली एक गंमत बघा. राहण्याच्या एका युनिटचं भाडं रात्रीला ७,५०० पर्यंत असेल तर जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के. त्यावर गेलं की १८ टक्के. तुमची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल आणि नोंदणी नसेल, तरी पोर्टलवरून आलेल्या बुकिंगवरचा हा कर पोर्टल पाहुण्याकडून घेऊन भरतं. मी सुरुवातीला 'दोन्ही घरं एकत्र, ९,५००' अशी तिसरी जाहिरात टाकली होती. तसं एकच युनिट दाखवलं तर आजच्या दराने १,७१० रुपये कर. तीच दोन घरं वेगवेगळी घेतली तर ४७५. पाहुण्याला १,२३५ रुपयांचा भुर्दंड आणि मला दमडी नाही. तिसरी जाहिरात काढून टाकली. आता दोन्ही हवी असतील तर दोन्ही स्वतंत्र बुक करायला सांगतो, आणि थेट येणाऱ्यांच्या बिलावरही दोन घरं दोन ओळींत लिहितो. तुमचा हिशेब तुमच्या सीएला एकदा दाखवा. उलाढाल मोजताना मात्र दोन्ही घरांची बेरीज होते. घरं दोन असली तरी पॅन एकच.

तारखांचं म्हणाल तर रेल्वेचं कॅलेंडर भिंतीवर लावा. १ नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. पूर्वी १२० दिवस होते. कोकणकन्या किंवा तुतारीचं तिकीट मिळालं की त्याच दिवशी फोन येतो. म्हणून नाताळ ते एक जानेवारी आणि मे महिन्यातले शनिवार-रविवार मी ६० दिवस आधीपर्यंत सुटे देत नाही. दोन्ही एकत्र मागणाऱ्या कुटुंबासाठी थांबतो. तोवर कुणी आलं नाही तर सुटे करतो. एका जोडप्याने घाईने मांगर घेतला की मागून पंधरा जणांचं कुटुंब विचारायला येतं, हा ठरलेला नियम आहे.

चतुर्थीला मूळ घर बंद. म्हणजे पाहुण्यांना बंद. आमची माणसं तेव्हा जमिनीवर गाद्या टाकून झोपतात. शिमग्याला आणि गावच्या जत्रेलाही तसंच. आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेची तारीख ठरलेल्या तिथीवर नसते, देवीचा कौल घेऊन ठरते. जाहीर झाली की दोन-चार तासांत फोन सुरू होतात, तेव्हा फेब्रुवारी-मार्चमधल्या तारखा स्वस्तात आधीच देऊन बसू नका. आचऱ्यात तर दर काही वर्षांनी गावपळण असते, अख्खा गाव तीन दिवस वेशीबाहेर राहायला जातो. त्या काळात तिथलं बुकिंग घेतलेल्या माणसाला काय सांगायचं, ते मला विचारू नका.

दोन पोर्टलांवर जाहिरात असेल तर त्यांची कॅलेंडरं एकमेकांना जोडा, पण त्यावर विसंबू नका. एकीकडचं बुकिंग दुसरीकडे दिसायला वेळ लागतो आणि तेवढ्यात दुसरा माणूस पैसे भरून मोकळा होतो. लाँग वीकेंडला मी स्वतः दोन्हीकडे हाताने तारखा बंद करतो. साफसफाईला एकच बाई असेल तर दोन्ही घरांची येण्याची वेळ एकच ठेवू नका. मांगर एकला, मूळ घर तीनला.

सहावी पायरी: स्वयंपाकघर

दोन घरांचे पाहुणे, एक चूल. एकीकडे सुरमई हवी, दुसरीकडे कांदा-लसूण चालत नाही, आणि मधल्या खळ्यात वास कुणाचंच ऐकत नाही. आम्ही ठरवलं: जेवण मूळ घराच्या मागच्या पडवीतल्या चुलीवर आमच्या वहिनी करणार, ऑर्डर आदल्या संध्याकाळी सातपर्यंत, मासळी बाजारात मिळेल ती. मेनूकार्ड नाही. सकाळी घावणे किंवा आंबोळ्या, दुपारी मासळीचं नाहीतर शाकाहारी ताट, वडे-सागोती सांगितली तरच. मांगरात गॅस आणि चार भांडी ठेवली आहेत, ज्यांना स्वतः करायचं त्यांनी करावं. मूळ घराच्या स्वयंपाकघराला आणि देवघराला कुलूप. देवघराबद्दल जाहिरातीतच लिहिलंय. त्यामुळे चार बुकिंगं कमी झाली असतील, झाली तर झाली.

जून-जुलैत मासळीचा हट्ट धरणाऱ्या पाहुण्याला आधीच सांगा की १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. खाडीतलं काही मिळालं तर मिळालं. नाहीतर सुक्या बांगड्याची किसमूर आणि सोलकढी. दोन पोळ्या जास्त जातात.

सातवी पायरी: काय बिघडू शकतं

समुद्र. मुंबई-पुण्याचा माणूस गुडघाभर पाण्याला समुद्र समजत नाही, आणि तिथेच ओढ असते. देवबागसारख्या ठिकाणी, जिथे कर्ली नदी समुद्राला मिळते, तिथल्या मुखाशी पोहायचं नाही हे येताच सांगा. तुमच्या गावातल्या अशा जागा मच्छीमारांना विचारून घ्या. जूनपासून समुद्रात पाय टाकायचाच नाही, आणि "आम्हाला पोहता येतं" याला उत्तर देऊ नका, फक्त मान हलवा.

साप. दोन घरांमधलं अंतर रात्री अंधारात चालायचं असतं, एका घरात राहणाऱ्याला हा प्रश्नच येत नाही. फुरसं लहान असतं, पाचोळ्यात दिसत नाही. घोणस गडग्यात, म्हणजे दगडी कुंपणात, बसते. वाटेला बुटके दिवे लावा, गडग्यालगत पाचोळा साठू देऊ नका, प्रत्येक घरात दाराशी विजेरी ठेवा. जवळच्या कुठल्या सरकारी रुग्णालयात सर्पदंशाची लस असते हे स्वतः जाऊन विचारून या आणि तो फोन नंबर दोन्ही घरांच्या दारामागे चिकटवा.

रेंज. बुकिंगपूर्वीच सांगा कुठल्या कंपनीची येते आणि कुठे उभं राहिल्यावर येते. आमच्याकडे मांगराच्या मागच्या पायरीवर येते, त्यामुळे लोक तिथेच बसून यूपीआय करतात.

कुणाला पावसाळ्यात दोन-तीन महिने एक घर 'वर्क फ्रॉम होम'साठी हवं असतं. ते पाहुणे म्हणून देऊ नका. लिव्ह अँड लायसन्सचा लेखी करार करा आणि नोंदवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे.

आठवी पायरी: आगोट, म्हणजे पावसाआधीची तयारी

वर्षातून एकदा कोकण तुमच्या घराची परीक्षा घेतं. आपल्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक चार महिन्यांत. मेच्या शेवटच्या आठवड्यात दोन्ही घरांत पाहुणे आणि डोक्यावर शाकारणी, असा पेच दरवर्षी येतो. कौलं परतणाऱ्याची तारीख जानेवारीतच ठरवा आणि ते चार दिवस कॅलेंडरवर बंद करा. आधी मांगर, मग मूळ घर, म्हणजे एक तरी चालू राहतं. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ इथून गेलं तेव्हा ज्यांनी आगोटीची कामं जूनवर ढकलली होती त्यांची धावपळ पाहिली आहे.

पावसाळ्यात दोन्हींपैकी एकच घर चालू ठेवा. आम्ही मांगर ठेवतो, लहान आहे, कोरडा राहतो. मूळ घरातल्या गाद्या उन्हात तापवून पत्र्याच्या ट्रंकांत जातात, पडवीला झडीच्या बाजूने झावळ्यांची झापं बांधली जातात. पण मूळ घर नुसतं कुलूप लावून ठेवलं तर ऑक्टोबरात बुरशी आणि वाळवी तुमचं स्वागत करते. जुन्या घरांचे वासे टिकले ते चुलीच्या धुराने. म्हणून आठवड्यातून दोनदा दारं-खिडक्या उघडून चूल पेटवायला माणूस हवा.

हा माणूस गावातलाच हवा आणि त्याला बाराही महिने पगार हवा. हंगामात हजार-दोन हजार जास्त द्या, पण पावसाळ्यात बंद करू नका. चार महिने काही मिळालं नाही तर दिवाळीला तुम्ही फोन कराल तेव्हा तो म्हापशाला कुठल्यातरी हॉटेलात कामाला लागलेला असेल, आणि पंपाच्या कुलपाची किल्ली त्याच्याच खिशात.